सिंगापूरच्या दमट हवेत केस का फुगतात आणि रुटीनमध्ये नक्की काय बदलायचं

सिंगापूरला शिफ्ट झालेल्या मराठी बायकांच्या गप्पांत घरभाडं आणि मुलांच्या शाळा झाल्या की तिसरा विषय केस. तक्रारही बहुतेक तीच, की पुण्यात (किंवा नाशकात, सोलापुरात, संभाजीनगरात) केस बरे होते, इथे आल्यापासून नुसते पिंजारलेत, एकदम ड्राय झालेत, हातात घेतले तर खरखरीत लागतात. मग कोणीतरी सांगतं की तुझ्या केसांना मॉइश्चर कमी पडतंय गं, मॉइश्चरवाला शॅम्पू घे, मास्क लाव, ॲलोव्हेरा जेल लाव. ते सगळं आणून लावलं की केस अजून फुगतात.

गंमत म्हणजे ते केस ड्राय नसतातच. उलट पुण्यात होतं त्यापेक्षा इथे त्यांच्यात पाणी जास्त असतं. एवढी एक गोष्ट नीट समजली की काय लावायचं काय नाही हे बरंचसं आपलं आपल्याला कळायला लागतं, म्हणून आधी थोडं सायन्स बघू आणि मग बाटल्यांकडे वळू.

केस म्हणजे मुख्यतः केराटिन नावाचं प्रोटीन. बाहेरून खवल्यांचा पातळ थर असतो त्याला क्युटिकल म्हणतात, आतला जाड भाग कॉर्टेक्स, केसाची ताकद आणि वळण तिथलं. कॉर्टेक्समधल्या केराटिनच्या साखळ्या एकमेकींना वेगवेगळ्या बंधांनी धरून असतात. त्यातला एक पक्का, गंधकाचा म्हणजे डायसल्फाइड बंध, तो केमिकल लावल्याशिवाय सहसा तुटत नाही. दुसरा हायड्रोजन बंध, एकेकटा अगदी कमजोर पण संख्येने प्रचंड, आणि हा मात्र साध्या पाण्याने सुटतो. केस ओले झाले की सुटतो, वाळले की परत जुळतो, आणि ज्या आकारात केस वाळले त्याच आकारात जुळतो. स्ट्रेटनिंग, ब्लो ड्राय, रात्री वेणी घालून झोपलं की सकाळी पडणाऱ्या लाटा, हा सगळा हायड्रोजन बंधांचा खेळ. पुण्यात मार्च महिन्यात सकाळी स्ट्रेट केलेले केस संध्याकाळपर्यंत टिकतात कारण ते बंध सोडवायला हवेत पुरेसं पाणीच नसतं. सिंगापुरात तेच केस एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनला पोचेपर्यंत येरे माझ्या मागल्या.

म्हणजे केस धुवायलाच हवेत असं नाही, हवेतल्या वाफेनेही ते ओले होत असतात. एकदम सुका केस पूर्ण दमट हवेत ठेवला तर तो आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास पाणी ओढून घेऊ शकतो. तेव्हा त्याची जाडी साधारण १४-१५ टक्क्यांनी वाढते आणि लांबी मात्र जेमतेम २ टक्क्यांनी. पावसाळ्यात कोकणातल्या घरांची लाकडी दारं फुगून चौकटीत घट्ट बसतात ना, तसंच, लाकूडही आडवंच फुगतं, लांबीत फारसं नाही. फक्त डोक्यावर अशी लाखभर दारं असतात आणि प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने फुगतं. कुरळ्या किंवा वेव्ही केसात एका बाजूचं केराटिन जरा निराळं आणि दुसऱ्या बाजूचं निराळं, त्यामुळे तो फुगताना वळतो, शेजारचा दुसरीकडेच वळतो, खवल्यांच्या कडा उचलल्या जातात, केस केसात अडकतो, आणि हे जे काही एकूण होतं त्याला आपण फ्रिझ म्हणतो. सरळ केस असलेल्यांचंही होतं पण कमी, त्यांचे केस फुगण्यापेक्षा तेलकट आणि चपटे पडतात अशी तक्रार जास्त.

केसाचा हा गुण इतका भरवशाचा आहे की जिनिव्हाच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ साली हवेतला ओलावा मोजणाऱ्या आपल्या हायग्रोमीटरबद्दल सगळं लिहून प्रसिद्ध केलं, आणि त्या यंत्रात काटा फिरवायला होता माणसाचा केस. ती जी २ टक्के लांबी वाढते त्यावर ते यंत्र चालायचं. त्याने केस आधी सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातलं तेल काढून टाकलं होतं, कारण तेलकट केस हवेतल्या बदलाला नीट दाद देत नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे तेलाकडे येऊ तेव्हा कामाला येईल.

आता सिंगापूरची हवा. विषुववृत्ताच्या फक्त सव्वा अंश वर, दिवसा ३१ ते ३३ डिग्री, रात्री २४-२५, आणि हे बारा महिने. हवेतली आर्द्रता वर्षाच्या सरासरीने ८० टक्क्यांच्या वर. पहाटे ती ९० च्या पुढे असते आणि पाऊस नसेल त्या दुपारी ६० च्या आसपास उतरते. पुण्यातली मार्चमधली दुपार घ्या, ३५ डिग्री आणि आर्द्रता कधी २० टक्के तर कधी त्याहूनही कमी. म्हणजे सिंगापूरची सगळ्यात कोरडी वेळ सुद्धा पुण्याच्या त्या दुपारच्या तिप्पट दमट. तसं पुण्यातही जुलै-ऑगस्टमध्ये केस फुगतातच की, पण तिथे दोन-तीन महिने काढायचे असतात, ऑक्टोबर हीट आली की सगळं जागेवर. इथे तो ऑक्टोबर येतच नाही.

त्यात एसीची भानगड. ऑफिस, मॉल, बस, ट्रेन सगळीकडे एसी, आत हवा बरीच कोरडी आणि बाहेर पाऊल टाकलं की ओली, त्यामुळे केस दिवसातून अनेकदा थोडा फुगतो थोडा आकसतो. निरोगी केसाला याचं फार काही वाटत नाही. कलर केलेल्या, ब्लीच केलेल्या केसांचं मात्र कठीण होतं, कारण केसाच्या वरच्या थरावर जन्मजात एक चरबीचा अतिसूक्ष्म लेप असतो जो पाण्याला जरा लांब ठेवतो, आणि ब्लीचने पहिल्यांदा तोच जातो. म्हणून एकाच घरात आईचे कधीही कलर न केलेले केस इथे येऊन निवांत असतात आणि हायलाइट्स केलेल्या मुलीचे फुगून दुप्पट.

मग हाताला ते ड्राय का लागतात? कारण आपली बोटं पाणी मोजत नाहीत, खडबडीतपणा मोजतात. ओलावा वाढला की केसाचा पृष्ठभाग खडबडीत होतो, केसावर केस घासला जातो, आणि आपण त्यालाच कोरडेपणा म्हणतो. प्रयोगशाळेत हे तपासलेलं आहे, जास्त पाणी असलेले केस लोकांना जास्त कोरडे वाटतात. शॅम्पू-कंडिशनर बनवणाऱ्यांना हे जुनंच ठाऊक आहे, तरी बाटलीवर मॉइश्चर लिहितात कारण तो शब्द खपतो. खरं तर बाटलीतला कंडिशनर केसात पाणी भरत नाहीच. त्यातले मुख्य घटक धन विद्युतभाराचे असतात, झिजलेला केस ऋणभाराचा असतो, म्हणून ते जिथे केस जास्त झिजलाय तिथे जास्त चिकटतात आणि खवले गुळगुळीत करतात. बस एवढंच काम, पण ते फार महत्त्वाचं काम आहे आणि दमट देशात कंडिशनर टाळून अजिबात चालत नाही. "माझे केस आधीच तेलकट होतात, मी कंडिशनर लावतच नाही" असं म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात, त्यांनी तो मुळांना न लावता कानाच्या खाली लावून बघावा.

इथे बाटलीच्या मागचं वाचायची वेळ येते. दोन प्रकारचे पदार्थ ओळखता आले तरी पुरे. पहिला प्रकार हवेतून पाणी ओढणाऱ्यांचा, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल, सोडियम पीसीए, मध, आणि ॲलोव्हेरा जेल म्हणून जे विकतात त्यातही बऱ्याचदा ग्लिसरीन असतंच. हे पदार्थ धुऊन टाकायच्या शॅम्पू-कंडिशनरमध्ये असले तर फार फरक पडत नाही, पाण्याबरोबर निघून जातात. प्रश्न येतो तो लावून ठेवायच्या क्रीममध्ये, सीरममध्ये, जेलमध्ये. ८५-९० टक्के आर्द्रतेत ग्लिसरीन आजूबाजूचं पाणी खेचत बसतं, त्यामुळे केस चिकट तरी लागतात किंवा फुगतात तरी. म्हणून लीव्ह-इनच्या लेबलवर ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत असेल तर ती बाटली इथे नको. (यादीत जे आधी लिहिलंय ते जास्त असतं, शेवटच्या ओळीत असेल तर सोडून द्या, एवढं काही नाही.) कुरळ्या केसांच्या काही जणींना थोडं ग्लिसरीन मानवतं सुद्धा, वळणं जरा भरीव दिसतात म्हणे, तर ते ज्याचं त्याने बघावं.

दुसरा प्रकार अडवणाऱ्यांचा. डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन अशी सिलिकोन्स, पॉलिक्वाटर्नियम नावाने सुरू होणारे पदार्थ, तेलं, मेणं. हे केसावर पातळ पापुद्रा धरतात आणि पाण्याची ये-जा मंद करतात. मंद करतात म्हणतेय, बंद नाही, दिवसभर सिंगापुरात फिरून शून्य फ्रिझ असं कोणी सांगत असेल तर ती जाहिरात आहे. सिलिकोनबद्दल आपल्याकडे उगीचच भीती बसलीय की त्याने केस गुदमरतात. अहो, केस मेलेला असतो, तो श्वास घेत नाही तर गुदमरणार काय! जिवंत असते ती मुळाशी असलेली त्वचा, आणि सिलिकोन सीरम तिथे लावायचंच नसतं. वाटाण्याएवढं सीरम, केस अजून दमट असताना, मधल्या भागापासून टोकांपर्यंत, झालं. साचून केस जड वाटायला लागले तर महिन्यातून एक-दोनदा जरा स्ट्राँग शॅम्पूने धुवायचं. आणि लेबलवर सिटिल अल्कोहोल किंवा सिटेरिल अल्कोहोल दिसलं तर दचकू नका, नावात अल्कोहोल असलं तरी ते मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत, कंडिशनरचा मऊपणा बऱ्याच अंशी त्यांचाच.

आता खोबरेल तेल, ज्याच्याशिवाय हा विषय आपल्याकडे पूर्णच होत नाही. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल अशी तीन तेलं केसांवर तपासली, आणि धुताना-विंचरताना केसातून जे प्रोटीन निघून जातं ते कमी करण्यात फक्त खोबरेल उपयोगी पडलं. आता ही कंपनी स्वतःच खोबरेल तेल विकते हे ध्यानात ठेवूनच हे वाचायचं, पण कारण पटण्यासारखं आहे, खोबरेलात लॉरिक ॲसिड भरपूर, त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो, मिनरल ऑइल वरच राहतं. आत तेल गेलं की धुताना पाणी कमी शिरतं आणि केस कमी फुगतो. सोस्यूरला तेल काढून टाकावं लागलं होतं ते याच्याशी जुळतं बघा.

म्हणून इथे तेल लावायचं पण न्हायच्या आधी, आणि केसांना. आपण लहानपणापासून तेल म्हणजे डोक्यावर थापायचं, मुळांत जिरवायचं, रात्रभर ठेवायचं असं शिकलोय. कोरड्या हवेत ते बहुतेकांना चालून जातं. इथे मात्र डोक्याची त्वचा आणि केस यांची खाती वेगळी करावी लागतात, खालच्या केसांना हवं पांघरूण आणि वर त्वचेला हवी सफाई, आणि पुण्याचं रुटीन इथे फसतं ते मुख्यतः दोघांना एकच वागणूक दिल्यामुळे.

त्वचेचं असं की सगळ्यांच्याच डोक्यावर मॅलासेझिया नावाची एक प्रकारची यीस्ट राहत असते. ती आपल्या त्वचेतून निघणाऱ्या तेलावर जगते. उष्ण, घामट, तेलकट जागा तिला फार मानवते आणि सिंगापूरमध्ये तिला हे सगळं बारा महिने मिळतं. ती तेल फोडते, त्यातून जे फॅटी ॲसिड उरतं ते काही जणांच्या त्वचेला झोंबतं, मग खाज, लाली, कोंडा. आणि गंमत म्हणजे हा कोंडा बघून आपल्याला वाटतं त्वचा कोरडी पडलीय, तेल लावूया. या यीस्टला ज्या फॅटी ॲसिडवर जगता येतं ती साधारण ११ ते २४ कार्बनच्या साखळ्यांची, आणि खोबरेलातलं लॉरिक ॲसिड १२ कार्बनचं, म्हणजे तिला जेवायला वाढल्यासारखंच. कोंडा होणाऱ्यांनी मुळांना तेल लावून रात्रभर ठेवणं इथे बंदच करावं असं माझं स्पष्ट मत आहे, सासूबाईंना फोनवर काय सांगायचं ते तुम्ही बघा.

कोंड्यासाठी औषधी शॅम्पूमध्ये किटोकोनाझोल २ टक्के हा नेहमीचा पर्याय, आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. बहुतेक लोक तो लावून लगेच धुतात आणि मग म्हणतात गुण येत नाही. फेस करून ३ ते ५ मिनिटं डोक्यावर राहू द्यायचा असतो, आणि तो त्वचेसाठी आहे, केसांच्या टोकांना चोळायची गरज नाही, टोकांना त्या वेळात कंडिशनर लावून ठेवलात तरी चालेल. महिनाभरात फरक नाही, किंवा पू, चट्टे, केस जाऊन मोकळी जागा असं काही दिसलं तर शॅम्पू बदलत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

किती वेळा धुवायचं? पुण्यात आठवड्यातून दोनदा न्हाणं पुरत होतं कारण घाम लगेच वाळत होता. इथे तो वाळतच नाही, डोक्यावरच बसतो. एक दिवसाआड धुणं बहुतेकांना लागू पडतं, जिमला किंवा पळायला जाणाऱ्यांनी रोज धुतलं तरी काही बिघडत नाही, फक्त शॅम्पू सौम्य हवा आणि तो मुळांनाच लावायचा, खालचे केस ओघळणाऱ्या फेसाने स्वच्छ होतात. रोज धुतल्याने केस गळतात हा समज काही जात नाही. न्हाताना जे हातात येतात त्यांनी मूळ आधीच सोडलेलं असतं, तुम्ही चार दिवसांनी न्हालात तर चार दिवसांचे एकदम दिसतात आणि जीव घाबरतो, एवढाच फरक.

पाण्याचं पण बघा. सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी वापरून आलेल्यांना इथला शॅम्पू एकदम भसाभसा फेसाळतोय असं वाटतं. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, सिंगापूरचं नळाचं पाणी पावसाच्या जलाशयांतून, शेजारच्या मलेशियातल्या जोहोरहून, शुद्ध करून पुन्हा वापरलेलं आणि समुद्राचं गोडं केलेलं अशा चार ठिकाणचं, आणि एकूण बोअरपेक्षा बरंच मऊ. त्यामुळे जुन्या अंदाजाने शॅम्पू घेतला तर तो जास्त होतो आणि केस खरोखरचे रुक्ष होतात, निम्मा घ्या. आल्या आल्या एकदा केसांवर साचलेले क्षार काढायला ईडीटीए (क्षार धरून ठेवणारा पदार्थ) असलेला क्लॅरिफाइंग शॅम्पू वापरून घेतला तर बरं. शिकेकाई-रिठा मुस्तफा या लिटल इंडियातल्या मोठ्या दुकानात मिळतं, ज्यांना सवय आहे त्यांनी वापरावं, पण भुकटी केसात अडकते आणि दमट हवेत अडकलेली भुकटी खाज आणते, त्यापेक्षा उकळून गाळलेलं पाणी बरं.

आता वाळवणं, आणि माझ्या मते निम्मी लढाई इथेच जिंकता किंवा हरता येते. पुण्यात ओले केस घेऊन स्कूटरवर बसलं की ऑफिसला पोचेपर्यंत वाळून जायचे. इथे हवेत आधीच इतकी वाफ असते की लांब दाट केस तीन-चार तासांनीही आतून ओलसर राहतात. आणि बायका काय करतात, सकाळी न्हायचं, ओल्याचाच अंबाडा किंवा क्लिप घालायची आणि निघायचं. मग दुपारी डोक्याला एक कुबट वास येतो, खाज सुटते, आणि सतत ओले बांधलेल्या केसांवर व्हाइट पिएड्रा नावाची बुरशी सुद्धा होऊ शकते, ज्यात केसावर पांढरट मऊ गाठी दिसतात आणि लोक त्यांना उवांची लिख समजतात.

ड्रायरला आपल्याकडे व्हिलन ठरवलंय पण २०११ साली कोरियात केसांच्या बटांवर झालेल्या एका प्रयोगात वेगळंच दिसलं. ड्रायरने वरचे खवले जास्त खराब झाले हे खरंच, पण आपोआप वाळू दिलेल्या केसांत पेशींना आत जोडून ठेवणारा जो थर असतो तो बिघडला, कारण ते बराच वेळ पाण्याने फुगलेले राहिले. ड्रायर १५ सेंटीमीटर लांब धरून सतत हलवत ठेवला तर एकूण नुकसान आपोआप वाळण्यापेक्षा कमी. सिंगापूरसारख्या ठिकाणी तर मला हे जास्तच पटतं. तर न्हाऊन आल्यावर केस टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत, जुना सुती पंचा गुंडाळून पाणी टिपायचं (पंचा नसेल तर जुना टी-शर्ट), सीरम लावायचं, मग मध्यम उष्णतेवर आधी मुळं वाळवायची आणि शेवटी गार हवा. वर सांगितलेल्या हायड्रोजन बंधांमुळे, ज्या आकारात पूर्ण वाळतील त्या आकारात ते बसतात, म्हणून ८० टक्के वाळवून सोडून देऊ नका, उरलेलं २० टक्के काम सिंगापूरची हवा तिच्या मर्जीने करते. कोकणात बाळंतिणीचे न्हालेले केस शेगडीवर धूप घालून धुरीवर वाळवायची पद्धत होती, त्यामागे कारणं वेगळी सांगत असतील पण ओल्या हवेत केस तसेच ओले ठेवायचे नाहीत हे शहाणपण त्यात आहेच. फ्लॅटमध्ये धुरी करू नका मात्र, स्मोक डिटेक्टर वाजेल.

रोज एवढा वेळ नसेल तर संध्याकाळी न्हाऊन वाळवून सैल वेणी घालून झोपणं हा साधा उपाय. सकाळी बाहेर ९० टक्के आर्द्रता असते तेव्हा केस आधीच बसलेले असतात. आणि वेणी, अंबाडा, बन हे काही मागासलेले प्रकार नाहीत, बांधलेला केस हवेला कमी तोंड देतो, समुद्रकिनाऱ्यावरच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या केस उगीच नाही बांधून ठेवले. फार घट्ट मात्र बांधू नका, कपाळाकडचे केस कायमचे मागे सरकू शकतात.

सलूनमधल्या ट्रीटमेंटबद्दल थोडक्यात. रीबाँडिंगमध्ये ते पक्के डायसल्फाइड बंध केमिकलने तोडून सरळ आकारात परत जोडतात, म्हणून ते दमट हवेतही टिकतं, पण मुळाकडून नवीन केस त्यांच्या मूळ वळणानेच येतात आणि दोन्हीच्या सांध्यावर केस तुटतात. केराटिन ट्रीटमेंट म्हणून जे करतात त्यातल्या काहींमधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतं, जे कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीत आहे, आणि फॉर्मल्डिहाइड-फ्री म्हणून आलेल्या काहींत ग्लायोक्सिलिक ॲसिड असतं, ज्याच्यानंतर किडनीला अचानक इजा झाल्याच्या केसेस इस्रायल आणि फ्रान्समधून डॉक्टरांनी नोंदवल्यात. करूच नका असं म्हणत नाही, पण आधी बाटलीवरची यादी दाखवा म्हणून सांगा, दाखवत नसतील तर उठा. प्रेग्नंट असाल किंवा किडनीचा त्रास असेल तर विषयच सोडा.

केसगळती हा जरा वेगळा मुद्दा आहे, पण सगळे हवेच्या आणि पाण्याच्या खात्यात टाकतात म्हणून. रोज ५० ते १०० केस जाणं नॉर्मल. मोठा ताण, ताप, बाळंतपण, क्रॅश डाएट असं काही झालं की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. आता शिफ्टिंगचे महिने आठवा, नोकरी सोडणं, घर आवरणं, झोपेचं खोबरं, इथे येऊन महिनाभर नूडल्स आणि ब्रेडवर काढलेले दिवस. गळती सुरू होते तेव्हा तुम्ही सिंगापुरात दोन-तीन महिने काढलेले असतात, म्हणून दोष नळाला. बहुतेक वेळा ही गळती सहा महिन्यांत आपली आपण थांबते. थांबली नाही तर शॉवर फिल्टरवर पैसे घालण्याआधी जीपीकडून (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून) हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि शाकाहारी असाल तर बी१२ तपासून घ्या.

काँडोत, म्हणजे इथल्या खाजगी सोसायटीत, स्विमिंग पूल असेल तर पाण्यात उतरायच्या आधी केस साध्या पाण्याने चिंब भिजवा आणि थोडा कंडिशनर चोळा, भिजलेला केस क्लोरिनचं पाणी कमी पितो. बाहेर आल्यावर लगेच धुवा.

आणि भारतात सुट्टीला जाताना हे सगळं रुटीन तसंच उचलून नेऊ नका. डिसेंबरात पुण्याच्या कोरड्या थंडीत सिंगापूरसारखं एक दिवसाआड धुतलं तर डोकं ओढल्यासारखं होतं, विंचरताना केस कंगव्याला चिकटून उभे राहतात, तिथे आठवड्यातून दोनदा न्हाणं आणि जरा जाड कंडिशनर पुरतो. ड्रायरची गरज नाही, गच्चीत दहा मिनिटं उभं राहिलं तरी केस वाळतात. खोबरेल तेल तिथे बाटलीत थिजलेलं असणार, २४ डिग्रीच्या खाली ते घट्ट होतंच, बाटली पाच मिनिटं गरम पाण्यात उभी करा. आणि इथला सिलिकोनचा सीरम तिथेही चालतो, फक्त रोज लावायची गरज नाही.